जेरुबायला बोलावणं

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. डोळे मिटायला मी सांगणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा, की तुमचं वय नऊ वर्षं आहे, तुमचं नाव डिना आहे, आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता तुम्ही बेर्शेबाच्या बसस्थानकावर उभ्या आहात. तुमच्यातला कुणी मुलगा असला तरी हरकत नाही, एका गोष्टीपुरतं मुलगी व्हायला काय जातं? तुमचा एक हात आजोबांच्या हातात आहे. आजोबांचा दुसरा हात कोटाच्या खिशावर आहे, आणि दर दोन मिनिटांनी ते तो खिसा चाचपून बघताहेत. खिशात कागदाची पुडी आहे. पुडीत साखर आहे, मूठभरसुद्धा नाही. पण त्या साखरेसाठीच तर तुम्ही रामल्याच्या बसला उभ्या आहात.

हे वर्ष सत्याहत्तरचं, देश इस्रायल, आणि डिनाचं घर ठाण्याहून तिथे येऊन राहिलेल्या मराठी ज्यूंचं. आणि हे सगळं झालं एका छापील पत्रिकेमुळे.

डिनाची मोठी बहीण नओमी हिचं लग्न ठरलं होतं. नवरा अमोस, मोरोक्कोहून आलेल्या घरातला, उंच, हसरा. लग्न मंगळवारी आणि आदल्या संध्याकाळी, सोमवारी, मेंदी. डिनाच्या बाबांनी, याकोवने, पत्रिका छापून घेतल्या. छान जाड कागद, सोनेरी हिब्रू अक्षरं, कोपऱ्यात दोन कबुतरं. नओमीने पत्ते लिहिले आणि डिनाने तिकिटं चाटून चाटून चिकटवली. दोन दिवस तिला जेवणातही गोंदाचीच चव लागत होती.

सगळ्यांकडून 'मझाल तोव' आलं, अभिनंदनाचे निरोप आले. एकच पत्रिका परत आली. बुधवारी. नव्या पाकिटात घालून, नवं तिकीट लावून. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईत, मराठीत लिहिलं होतं:

'चि. याकोव यास अनेक आशीर्वाद. पत्रिका पोस्टमनने आणून दिली. पोस्टमनच्या घरी काही कार्य निघाल्यास अवश्य जाईन. तुझी आत्या, जेरुशा.'

आजोबांनी, म्हणजे अबाजींनी, ते मोठ्याने वाचलं. आधी ते खो खो हसले. मग खुर्चीत बसले आणि डोक्याला हात लावला.

"चुकलंच आपलं," ते म्हणाले. "बायला पत्रिका पाठवतात का कुणी?"

जेरुशा ही अबाजींची थोरली बहीण. घरात सगळे तिला जेरुबाय म्हणत. या घरातल्या नवरीच्या बोटाला मेंदीचा पहिला ठिपका जेरुबायच्या हातचा, हे ठरलेलं. अबाजींच्या बायकोच्या बोटाला तिनेच लावला होता, ठाण्याला असताना. याकोवच्या बायकोलाही तिनेच. आणि आता ती येणार नव्हती.

अमोसची आई चांगली बाई. तिने लगेच निरोप धाडला, "आमच्यातही मेंदी असते, मी लावीन की!" ते ऐकून नओमी न्हाणीघरात जाऊन रडली. सैन्यात दोन वर्षं वायरलेस सांभाळलेली मुलगी ती, पण दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "जेरुआजी नसेल, तर मला मेंदीच नको."

म्हणून अबाजी निघाले होते. आणि म्हणून डिनाही.

"मी कशाला, सबा?" बसमध्ये बसल्यावर डिनाने विचारलं. सबा म्हणजे आजोबा. डिनाला मराठी सगळं समजे, पण उत्तर मात्र ती हिब्रूत देई. अबाजी मराठीत विचारणार, डिना हिब्रूत सांगणार, अशी त्या दोघांची गाडी बिनबोभाट दोन रुळांवरून चाले.

"बोलावणं करायला एक पिकलेलं लागतं आणि एक कोवळं," अबाजी म्हणाले. "पिकलेला मी. कोवळी तू. आता नीट ऐक. दारात गेलं की उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. घरात जेवढी माणसं, तेवढ्यांची नावं घ्यायची. एकसुद्धा गाळायचं नाही. मग म्हणायचं, मेंदीला या. मग हातावर साखर ठेवायची. आणि हे सगळं झाल्यावर मग आत जायचं, मग बसायचं, मग चहा."

"आधी चहा घेतला तर?"

"तर ते बोलावणं नव्हे! म्हणजे तू चहाला गेलीस, आणि जाता जाता तुला आठवलं, की अरेच्चा, आपल्याकडे लग्न आहे. असं बोलावलेलं माणूस येत नाही. जेरुबाय तर नाहीच नाही." अबाजींनी पुन्हा खिसा चाचपला. "आणि आणखी एक. मोठी माणसं बोलत असली, की मध्ये तोंड घालायचं नाही."

डिनाने मान डोलावली. बाहेर उघडं माळरान संपून हिरवी शेतं लागली होती.

जेरुबाय रामल्यात सरकारी वसाहतीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. ती आणि तिचे यजमान नाथान, दोघंच. अबाजींचा गुडघा दुखरा, म्हणून ते प्रत्येक मजल्यावर थांबले. शेवटच्या पायरीवर त्यांनी कोट नीट केला, घसा खाकरला, पुडी हातात घेतली आणि डिनाला शेजारी उभं केलं. घंटी वाजवली.

दार जेरुबायनेच उघडलं. गोल चेहरा, पांढरे केस घट्ट बांधलेले, हाताला पीठ. भावाला बघून तिचे डोळे चमकले, पण तोंड मात्र तिने घट्ट मिटून घेतलं. ती बाजूला झाली नाही. आत या म्हणाली नाही. उंबऱ्याच्या आत ती, उंबऱ्याच्या बाहेर हे दोघं. सगळं कसं अगदी रीतीप्रमाणे.

अबाजींनी तोंड उघडलं. "बाय—"

"कोण आहे? अबाजी आहेत का?" आतून नाथान ओरडले. त्यांना थोडं कमी ऐकू येई, म्हणून ते स्वतःच मोठ्याने बोलत. "अगं, त्यांना सांगितलंस का? रिव्काला जुळं झालं!"

"काय?" अबाजी म्हणाले.

"जुळं! मुलगा आणि मुलगी!"

आता रिव्का कोण, ते सांगायला हवं. रिव्का ही अबाजींच्या आणि जेरुबायच्या धाकट्या बहिणीची मुलगी, अरादला राहणारी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सगळं घर नऊ वर्षं वाट बघत होतं. ही बातमी ऐकून अबाजींचा दुखरा गुडघा सरळ आत चालत गेला. त्याच्या मागे अबाजी गेले. आणि खुर्चीत मटकन बसले.

साखरेची पुडी त्यांनी पुन्हा खिशात टाकली.

डिना उंबऱ्याबाहेर एकटीच उभी राहिली. तिने जेरुबायकडे बघितलं. जेरुबायने तिच्याकडे बघितलं. मग जेरुबाय म्हणाली, "ये गो बाय, आत ये. उभी राहून पाय दुखतील."

"कधी झालं? कुठे?" अबाजी विचारत होते.

"परवा, बेर्शेबाला, दवाखान्यात," जेरुबाय म्हणाली. "तुझ्या घरापासून चार स्टॉप! आणि मेल्या, तुला ते रामल्यात येऊन कळतंय!"

"मला कोण सांगणार? परवा आम्ही तुझ्या त्या पत्राने—" अबाजी बोलता बोलता थांबले, कारण पुढ्यात चहा आला. गवती चहा घातलेला, वाफाळता. आणि करंज्यांची ताटली. अबाजींनी एक करंजी उचलली.

डिनाने त्यांची बाही ओढली.

"थांब हं," अबाजी म्हणाले. "दोघांची वजनं किती?"

मग बातम्या सुरू झाल्या. मुलांनो, तुम्ही मोठ्या माणसांच्या बातम्या ऐकल्या आहेत ना? त्यांना शेपूट असतं. एक बातमी गेली, की तिच्या शेपटाला धरून दुसरी येते. जुळ्यांवरून विषय निघाला पाळण्याचा, पाळण्यावरून बारूखचा, कारण बारूख सुतार. बारूखने आता दाढी ठेवली होती, ती त्याला शोभत नव्हती. दाढीवरून निघाला पुण्याच्या एका मामांचा विषय, त्यांच्याकडून तीन महिन्यांनी पत्र आलं होतं आणि त्यात फक्त हवापाणी होतं.

"आणि तू काय करतोस रे दिवसभर?" जेरुबायने विचारलं. "कारखाना सुटून चार महिने झाले ना?"

"पहिला महिना आठ वाजेपर्यंत झोपलो," अबाजी म्हणाले. "दुसऱ्या महिन्यात इमारतीतले सगळे नळ दुरुस्त केले. तिसऱ्या महिन्यात, मी पकड घेऊन जिन्यात दिसलो, की लोक दारं लावायला लागले."

जेरुबाय इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले.

"हसतेस काय? तुझं काय चाललंय?"

"माझं काय! तीस वर्षं नर्स होते, आता रिटायर झाले म्हणतात. पगार रिटायर झाला रे, काम कुठे झालंय? सकाळी सातला पहिलं इंजेक्शन, खालच्या मजल्यावरचं. मग सगळ्या जिन्याचं ब्लडप्रेशर. परवा एक बाई म्हणते, डॉक्टरकडे चालले आहे, तर आधी तुम्हाला विचारून जाते."

"आणि भावोजी, तुम्ही?" अबाजींनी मोठ्याने विचारलं.

"मी स्टेशनवर जातो!" नाथान म्हणाले. ते मुंबईत रेल्वेत होते. "रोज सकाळची तेल अविवची गाडी बघतो. घड्याळ लावून बघतो."

"उशिरा येते का?"

"कसली! आज पण वेळेवर आली." नाथान खट्टू झाले होते. "काही बोलायलाच उरत नाही हो."

डिनाने दुसऱ्यांदा बाही ओढली. अबाजींनी तिच्याकडे बघितलं, डोळे जरा वटारले आणि हळूच म्हणाले, "काय शिकवलं मी तुला? मोठी माणसं बोलताना?"

डिनाने बाही सोडली. तिला तर सगळं दिसत होतं. करंज्या संपत होत्या. दुसरा चहा झाला होता. आणि जेरुआजी मध्ये मध्ये भावाच्या कोटाच्या खिशाकडे बघत होती. बघायची, आणि लगेच नजर काढून घ्यायची. एकदा तर तिने आपणहून विचारलं, "बाकी काय रे, घरी विशेष काही?"

"विशेष?" अबाजी म्हणाले. "अगं, ही डिना! मराठीतला बाराचा पाढा पाठ झाला हिचा. म्हण गं!"

डिनाने म्हटला. मध्ये कुठेही हिब्रू न येऊ देता म्हटला. नाथानने टाळ्या वाजवल्या. जेरुबायनेही वाजवल्या, पण जरा उशिरा.

साडेबारा वाजले. शुक्रवारचा दिवस, संध्याकाळपासून शब्बात, म्हणजे आठवड्याचा पवित्र सुट्टीचा दिवस, आणि मग बस बंद. एकची बस चुकवून चालणार नव्हतं. अबाजी उठले. जेरुबायने जुळ्यांसाठी विणलेली दोन टोपडी दिली, रिव्कासाठी डिंकाचे लाडू दिले. दारापर्यंत आली. उंबऱ्याशी उभी राहिली.

"काही राहिलं नाही ना?" तिने विचारलं.

"छे!" अबाजी म्हणाले. "किती बरं वाटलं गो बाय. असं बोलायला माणूस मिळत नाही."

"मग ये," जेरुबाय म्हणाली. आणि दार लावलं. जोरात नाही, हळूच. जोरात लावलं असतं तर बरं, असं डिनाला वाटलं.

बसथांबा कोपऱ्यावरच होता. अबाजी बाकावर बसले, गुडघा चोळला आणि समाधानाने म्हणाले, "चला, मोठं काम झालं."

"सबा," डिना हिब्रूत म्हणाली, "आता कोणी मोठं बोलत नाहीये ना?"

"नाही. का?"

"मग मी बोलते. तुम्ही तिला बोलावलंच नाही."

अबाजींचा हात खिशाकडे गेला. पुडी तिथेच होती. बांधलेली, जशीच्या तशी. त्यांचा चेहरा असा झाला, की डिनाला हसूही आलं आणि रडूही.

"अगं देवा," ते म्हणाले. "अगं, ती वाट बघत होती! 'विशेष काही?' म्हणाली. आणि मी पाढा म्हणायला लावला!" ते उठायला गेले, पण गुडघ्याने नाही म्हटलं. पुन्हा बसले. "आणि आता जाऊन तरी काय? चहा घेतला. दोन चहा घेतले. पाच करंज्या खाल्ल्या. आता ती दार तरी उघडेल का?"

रस्त्याच्या टोकाला बस दिसत नव्हती. अजून वीस मिनिटं होती.

 डिनाने टोपड्यांची पिशवी आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि पळत सुटली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही. दारापाशी मात्र थांबली. श्वास आवरला, वेणी मागे टाकली आणि घंटी वाजवली.

जेरुबायने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते, हाताला पुन्हा पीठ लागलेलं होतं.

"काय गो? काय विसरलीस?"

डिना उंबऱ्याच्या बाहेर ताठ उभी राहिली. तिने तोंड उघडलं, तर आधी हिब्रूच आलं. ते तिने गिळलं. पुन्हा उघडलं.

"जेरुशाआजी," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द पुढे ठेवत, "नाथानआजोबा. माझ्या बहिणीची, नओमीची, मेंदी आहे. सोमवारी. आमच्या घरी, बेर्शेबाला. तुम्ही मेंदीला या. दोघंही या."

जेरुबाय हलली नाही. आतून नाथान ओरडले, "कोण आहे?"

"थांबा जरा!" ती म्हणाली. मग डिनाकडे वळून, आवाज कडक करून म्हणाली, "चहा पिऊन, करंज्या खाऊन बोलावणं करतात होय?"

डिनाने क्षणभर विचार केला.

"ती बातम्यांची फेरी होती," ती म्हणाली. "ती संपली. आम्ही गेलो. आता मी परत नवीन आले. ही बोलावण्याची फेरी."

"असं?"

"हो. आता मी अजून काही खाल्लं नाही."

जेरुबायचे ओठ थरथरायला लागले, पण तिने ते दाबून धरले. "आणि नाही आले मी, तर?"

"तर नओमी मेंदी लावून घेणार नाही. ती न्हाणीघरात जाऊन बसते. आणि मग अमोस काय करेल? नुसताच उभा राहील, मंगळवारी. आणि अमोसची आई म्हणते मीच लावते, आणि..." इथे डिनाचं मराठी संपलं. उरलेलं तिने दोन्ही हातांनी सांगितलं.

मग मात्र जेरुबायला राहवलं नाही. ती हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पिठाच्या हाताने ते पुसताना गालावर पांढरा पट्टा उठला. "अहो!" ती आत ओरडली. "माळ्यावरची पेटी काढा! हिरवं लुगडं बाहेर घाला वाऱ्याला! आपल्याला बोलावणं आलंय!"

"कुणाकडून?" नाथानने विचारलं.

"आमच्या अबाकडून! माणसाच्या तोंडून!"

आणि मग जेरुबायने आपला उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. रीत ती रीत. हसत असली तरी ती रीत सोडणारी बाई नव्हती.

"साखर?"

डिनाने फ्रॉकच्या खिशात हात घातला. खिशात काहीच नव्हतं. साखर खाली बसथांब्यावर, आजोबांच्या कोटात होती. जेरुआजीच्या स्वयंपाकघरात डबा भरून साखर होती, तो डबा दारातून दिसतही होता. पण जिला बोलवायचं, तिचीच साखर तिच्या हातावर कशी ठेवणार? आणि उंबरा ओलांडून आत गेलं, की संपलंच सगळं.

जेरुआजीचा हात पुढेच होता. खाली रस्त्यावर कुठेतरी बसचा भोंगा वाजला.

"एक मिनिट, आजी. हात असाच ठेवा," डिना म्हणाली. तिने पाठ फिरवली, दोन पावलं टाकून समोरच्या बिऱ्हाडाची घंटी वाजवली, आणि दार उघडणाऱ्या अनोळखी बाईला एका दमात, खणखणीत हिब्रूत विचारलं, "शब्बात शालोम, आमच्याकडे लग्न आहे, चिमूटभर साखर देता का?"